खलनायकाला दुःख द्या, सूट नको

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळची पत्रं ॲनिमेशन मालिकांमधल्या शोकांत खलनायकाभोवती फिरतात, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. उत्तरांत काही मालिकांचे शेवट उघड झाले आहेत. ज्यांच्या पाहायच्या राहिल्या असतील त्यांनी आधी पाहून घ्याव्यात.

पुष्कळ ॲनिमेशन मालिकांत नायकापेक्षा खलनायकच जास्त लक्षात राहतो. तो दुःखी असतो म्हणून, की तो चांगला लिहिलेला असतो म्हणून? की आपल्याला नुसती त्याची कीव येते?
— एक वाचक, दादर

कीव येतेच, पण ती भाग संपेपर्यंत ओसरते. वर्षानुवर्षं मनात राहणाऱ्या खलनायकाचं कारण वेगळं आहे. गोष्टीतले सगळ्यात महाग निर्णय तो घेत असतो. नायक शेवटी योग्य तेच करणार हे आधीच ठरलेलं असतं. त्याला मोह पडला तरी भाग संपायच्या आत तो सावरणार, हे सात वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. खलनायकाचं तसं नाही. तो माघारी फिरू शकतो, फिरता फिरता पुन्हा चुकू शकतो, सगळं गमावू शकतो. त्यातून त्याला जे हवं आहे ते मुळात चांगलं असेल, म्हणजे बायकोचा जीव, बापाचं प्रेम, आपल्या वस्तीला मान, तर त्याचा प्रत्येक निर्णय आपल्यालाही लागतो.

याचं सर्वांत नेटकं उदाहरण आमच्या मते अजूनही १९९२ सालचंच आहे: ‘बॅटमॅन : द ॲनिमेटेड सीरिज’मधला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग. मिस्टर फ्रीझ हे पात्र कॉमिक्समध्ये १९५९ पासून होतं, सुरुवातीला मिस्टर झीरो या नावाने. गोठवणारी बंदूक घेऊन फिरणारा चोर, यापलीकडे त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. लेखक पॉल डिनी आणि दिग्दर्शक ब्रूस टिम यांनी त्याला एक बायको दिली, नोरा. ती असाध्य आजाराने ग्रासलेली आहे आणि उपाय सापडेपर्यंत शास्त्रज्ञ नवऱ्याने, म्हणजे पुढच्या फ्रीझने, तिला गोठवून ठेवलं आहे. तो काम करतो त्या कंपनीचा मालक फेरिस बॉइल खर्चाचं कारण देऊन प्रयोग बंद पाडतो आणि झटापटीत शास्त्रज्ञाला रसायनांवर लाथाडतो. एवढीच कहाणी. या भागाच्या लेखनाला डेटाइम एमी पुरस्कार मिळाला आणि पुढे कॉमिक्सनेही हीच पार्श्वभूमी स्वीकारली.

कहाणी सोपी आहे. शिकण्यासारखा आहे तो तिचा क्रम. पहिल्याच दृश्यात काचेच्या गोळ्यातली नाचणारी बाहुली दिसते, तिच्यावर बर्फ पडतोय. ती कोण, हे कळत नाही, फक्त या माणसाचा जीव तिच्यात आहे हे कळतं. मग त्याची चोरी, आणि चोरीत त्याच्याच एका साथीदाराचे पाय चुकून गोठतात. फ्रीझ त्याला तिथेच टाकून निघून जातो. उचलून नेतो तो बॅटमॅन. म्हणजे त्याचं दुःख समजण्याआधी त्याचा निष्ठुरपणा आपण पाहिलेला असतो. प्रयोगशाळेतली चित्रफीत त्यानंतर येते, आणि तीही बॅटमॅन पाहतो, आपण त्याच्याबरोबर पाहतो. स्वतःची कर्मकथा फ्रीझ कुणाच्या सहानुभूतीसाठी सांगत बसत नाही. शेवटी बॉइलचं पितळ उघडं पडतं, पण फ्रीझही तुरुंगातच जातो. त्याचं दुःख खरं ठरलं तरी शिक्षा टळली नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत हे सुमारे बावीस मिनिटांत पटवून देणं, हे त्या भागाचं मोठेपण.

यात नवं काय आहे? आपल्याकडे कर्ण आहेच. परदेशी कार्टूनवाल्यांनी हे आता शोधलं का?
— ज्येष्ठ वाचक, गिरगाव

आपला मुद्दा शंभर टक्के मान्य. किंबहुना हे पात्र लिहायला बसणाऱ्या प्रत्येकाने आधी उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद वाचावा. शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. दार पूर्ण उघडं आहे. कर्ण नाही म्हणतो, कारण अधिरथ-राधेचं प्रेम आणि दुर्योधनाचं मीठ त्याला मोडवत नाही. वर हेही कबूल करतो की दुर्योधनाला खूश करायला पांडवांना जे कटू बोललो त्याचा आज पश्चात्ताप होतो. युद्धाचा शेवट काय होणार, हेही त्याला दिसतंय. तरी तो त्याच बाजूने उभा राहतो.

मात्र कर्णाची गोष्ट सांगताना आपणच अनेकदा अर्धी सांगतो. सूतपुत्र म्हणून झालेली हेटाळणी सांगतो. द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रं काढून घ्या, असं तो म्हणाला हे गाळतो. ते गाळलं की कर्ण लहान होतो. अन्याय सोसलेला आणि अन्याय केलेला माणूस एकच आहे, यातच त्याची उंची आहे. कवच-कुंडलांचा प्रसंग ॲनिमेशनच्या नजरेने पाहिला तर थक्क व्हायला होतं. पात्राचं रूप त्याच्याच निर्णयामुळे कायमचं बदलतं आणि पुढच्या प्रत्येक दृश्यात प्रेक्षकाला त्या निर्णयाची आठवण राहते. असा बदल लेखकाला मिळाला तर त्याने सोडू नये.

याच्या उलट जातीचं पात्रही पाहण्यासारखं आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘गार्गॉइल्स’मधली डेमोना. तिच्याच कारस्थानामुळे, दिवसा दगड होणाऱ्या तिच्या जमातीची कत्तल होते. ढिगाऱ्यापुढे उभी राहून ती ‘मी हे काय…’ असं म्हणायला लागते आणि वाक्य अर्ध्यात वळवते: ‘त्यांनी हे काय केलं!’ कर्णाला आपली चूक दिसते आणि तरी तो थांबत नाही. डेमोनाला ती दिसलेली असते, पण पाहायची नसते. दोन्ही शोकांतिकाच.

मी ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहा मिनिटांची टूडी फिल्म करतोय. गिरणी संपात लालबागच्या चाळीतल्या एका मुलाचं घर मोडतं. मोठा होऊन तो बिल्डरसाठी चाळी रिकाम्या करून देणारा माणूस बनतो आणि शेवटी स्वतःच्याच चाळीत येतो. पहिल्या दीड मिनिटात त्याचं लहानपण दाखवलंय. ॲनिमॅटिक (स्टोरीबोर्डची चित्रं वेळेत लावून केलेली कच्ची फिल्म) पाहून सगळे ‘बिचारा’ म्हणतात आणि पुढे कंटाळतात. कुठे चुकतंय?
— विद्यार्थी, करी रोड

गोष्ट उत्तम आहे. चूक क्रमात आहे. दीड मिनिट म्हणजे फिल्मचा चौथा हिस्सा. तेवढ्यात प्रेक्षकाने निकाल देऊन टाकला: हा बिचारा. मग पुढे तो काय करतो याची उत्सुकताच उरत नाही. हिशेबही पाहा. सहा मिनिटं म्हणजे ३६० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम धरून ८,६४० फ्रेम. दोन फ्रेमला एक चित्र काढलं तरी ४,३२० चित्रं. त्यातली १,०८० तुम्ही बालपणावर घालवताय, आणि नेमका तोच भाग फिल्मला मागे खेचतोय.

सुरुवात त्याच्या कामाने करा. दुसऱ्याच कुठल्या तरी चाळीत तो एका कुटुंबाकडून संमतीपत्रावर सही घेतोय. ओरडत नाही, खुर्ची फेकत नाही. मोरीतला ठिबकणारा नळ जाता जाता स्वतःच्या हाताने नीट बंद करतो आणि खाली उतरल्यावर सोबतच्या माणसाला पाण्याची लाइन तोडायला सांगतो. घरातल्या एका माणसाचा चेहरा किमान दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, पडद्यावर राहू द्या. हे टाळू नका. ज्याचं नुकसान झालं त्याला चेहरा नसेल, तर खलनायकाचं दुःख हे फिल्ममधलं एकमेव दुःख उरतं आणि तराजू आपोआप त्याच्याकडे झुकतो.

मग त्याला त्याच्या चाळीत आणा. संपाच्या दिवसांत ज्यांच्याकडे तो जेवला, अशा कुणी काकू अजून तिथे राहत असतील. त्या त्याला ओळखतात, ‘आत ये रे’ म्हणतात, ताट वाढतात. कागद पाहून भांडत नाहीत. एवढंच विचारतात, ‘मी कुठे जाऊ, तेवढं तूच सांग.’ इथे त्याच्यापुढे खरा पर्याय हवा. कागद खिशात घालून तो निघून जाऊ शकतो. त्याची किंमतही ठरवा: काम जाईल, पैसा जाईल, पण जीव जाणार नाही. अनेक विद्यार्थी इथे बिल्डरच्या हातात पिस्तूल देतात आणि घोळ होतो. जीव जाणार असेल तर तो निर्णय राहत नाही, सक्ती होते. सक्ती झालेला माणूस अडकलेला असतो. शोकांत व्हायला त्याला मोकळे हात लागतात.

फ्लॅशबॅक ताट आणि कागद यांच्या मधे टाका, साधारण पावणेचार मिनिटांवर, आणि तो ३० ते ३५ सेकंदांत संपवा. संप, मोर्चा, उपासमार, बापाची दारू, आईचं आजारपण, सगळं दाखवायचा मोह होईल. एकच निवडा. आमची सूचना भोंगा. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. ही संख्या सहा मिनिटांत दाखवता येत नाही, पण बंद पडलेला भोंगा दाखवता येतो. पहाटे मुलगा सवयीने उठून बसलेला, बापही उठून बसलेला, जेवणाचा डबा फळीवर पालथा, आणि बाहेर काही वाजत नाही. दहा-बारा सेकंद शांतता ठेवा. पार्श्वसंगीत लावू नका. व्हायोलिन तर अजिबात नको. आदल्या दृश्यांत कारखान्याचा किंवा ट्रेनचा आवाज कुठे तरी पेरलेला असेल तर ही शांतता जास्त जाणवेल.

आणि फ्लॅशबॅक संपताच, पुढच्या वीस सेकंदांत, त्याने काही तरी ठरवलं पाहिजे. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’च्या पहिल्या पर्वातला बारावा भाग, ‘द स्टॉर्म’, यासाठी फ्रेम-फ्रेम पाहा. युवराज झुको युद्धसभेत सैनिकांच्या बाजूने बोलला म्हणून त्याच्या बापाने त्याचा चेहरा जाळला आणि त्याला हद्दपार केलं, हे अकरा भागांनंतर कळतं. त्याच भागात वादळात अवतार, म्हणजे ज्याला पकडल्याशिवाय झुकोला घरी परतता येणार नाही तो मालिकेचा नायक, हाताशी आलेला असताना झुको त्याला जाऊ देतो आणि आधी आपलं जहाज, आपली माणसं सुरक्षित नेतो. भूतकाळ कळला आणि लगेच वर्तमानात त्याचा पडसाद उमटला. असा पडसाद नसेल तर फ्लॅशबॅक म्हणजे नुसती माहिती.

तुमचा माणूस उलटं ठरवेल. ताट अर्धं ठेवून उठेल, कागद पुढे करेल. दुसऱ्या सकाळी काकूंच्या नळाला पाणी येणार नाही. तिथे थांबा. त्याला शेवटच्या मिनिटात मारू नका, ट्रकखाली घालू नका, काकूंच्या पायावर पडायला लावू नका. मेला की तो सुटतो आणि प्रेक्षकही सुटतो.

दुरुस्त ॲनिमॅटिकवर दोन चाचण्या करा. फ्लॅशबॅक पूर्ण काढून दाखवा. तरीही माणूस विचित्र, विशिष्ट, आतून काही तरी लपवणारा वाटला पाहिजे. ‘गुंड क्रमांक दोन’ वाटला तर दोष फ्लॅशबॅकमध्ये नाही, पहिल्या दृश्यात आहे. नंतर आवाज बंद करून दाखवा आणि पाहणाऱ्याला विचारा, याने काय सोडलं? उत्तर आलं तर स्टोरीबोर्ड पक्का झाला असं समजा आणि मगच कीपोझना, म्हणजे हालचालीतल्या मुख्य चित्रांना, हात घाला.

खलनायकाचं दुःख चित्रात कसं आणायचं? भुवया वर केल्या, डोळ्यांत पाणी दाखवलं, की तो रडका दिसतो. काहीच दाखवलं नाही, तर पुठ्ठा.
— टूडी आर्टिस्ट, बोरिवली

मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुना-चित्रांच्या कागदावर, नेहमीचे सहा-आठ भाव काढण्याआधी त्याचे तीन चेहरे ठरवा. जगाला दाखवतो तो, निसटतो तो, आणि सगळं गेल्यावर उरतो तो. मधला चेहरा आखून वापरायचा: मोठ्या भागात दोनदा, फार तर तीनदा, प्रत्येक वेळी बारा ते अठरा फ्रेम. जास्त वेळ ठेवला की ‘निसटला’ असं वाटत नाही, ‘दाखवला’ असं वाटतं. मधल्या भुवया वर चढवणं आणि अश्रू, या दोनपैकी एकच घ्या. शक्यतो दोन्ही सोडा आणि पापणी वापरा. साधी उघडझाप सहा-सात फ्रेमची असते, दोनात मिटते, तीन-चारांत उघडते. दुःखाच्या जागी उघडण्याला आठ-दहा फ्रेम द्या. बाकी चेहरा हलवू नका. पुरेसं होतं.

स्थिर पोझचा मात्र सांभाळ हवा. कागदावर काढलेल्या चित्रांत रेघ किंचित थरथरते, त्यामुळे स्थिर चित्रही जिवंत वाटतं. रिग केलेल्या, म्हणजे संगणकावर सांधे जोडून हलवलेल्या, पात्राचं तसं होत नाही. वीसेक फ्रेम पूर्ण थांबलं की ते मेल्यासारखं दिसतं. डोकं किंवा खांदा दोन-तीन टक्के सरकत ठेवा, श्वासाइतका. पाचच्या वर गेलात तर डोलायला लागेल.

यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे रूपाची पेरणी. ‘अवतार’मधली झुकोची बहीण अझूला पाहा. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात ती विजेचा सराव करते, सगळं बिनचूक होतं, फक्त केसांची एक बट सुटते आणि तेवढ्यानेही ती बिथरते. तिचे केस, तिची निळी आग, तिची सरळ पाठ, सगळं ‘चूक चालणार नाही’ हेच सांगतं. शेवटच्या भागांत मैत्रिणी दुरावलेल्या असतात, चेरीत एक बी निघाली म्हणून ती दासीला हद्दपार करते, स्वतःचे केस वेडेवाकडे कापते, आणि आरशात तिला आई दिसते. ती कोसळली आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नाही, कारण त्या एका बटेचं नातं आपल्या डोळ्यांनी लक्षात ठेवलेलं असतं. पात्र आखताना असा एक भाग निवडा, जो शाबूत असला की तो सावरलेला आणि बिघडला की ढासळलेला. एकच. बटण, चष्मा, केस, चाल, काहीही. मिस्टर फ्रीझचे डोळे लाल काचांमागे झाकलेले आहेत. म्हणून त्याचा भाव शोधायला आपण आवाजाकडे आणि मानेकडे वळतो, आणि चित्रकाराचं कामही कमी होतं. मुखवटा, काच, टोपीची सावली यांना मालिकांमध्ये एवढी मागणी असते त्यात खर्चाचाही हात आहे, आणि ते वाईट मुळीच नाही.

शेवटी खलनायक सुधारलाच पाहिजे का? झुको सुधारला म्हणून आवडतो, पण मला अझूलाचा शेवट जास्त आठवतो.
— वाचक, कुर्ला

सुधारायलाच हवं असं नाही. पण सुधारायचं ठरवलं तर पूर्ण किंमत मोजायची तयारी ठेवा. ‘अवतार’ ६१ भागांची मालिका आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी झुकोला सुधारायची संधी मिळते आणि तो चुकीची बाजू निवडतो, काकालाच दगा देतो. तिसऱ्या पर्वात बापासमोर उभं राहून सत्य बोलल्यावर तो नायकाच्या गटाकडे येतो, तेव्हा त्या गटातली कटारा त्याला सरळ धमकी देते. पुढचे चार भाग त्याचा विश्वास कमावण्यात जातात: एक नायक आंगसोबत, दोन कटाराचा भाऊ सोक्कासोबत, एक कटारासोबत. प्रत्येकाचं त्याने वेगळं नुकसान केलं आहे, म्हणून प्रत्येकाची माफी वेगळी. ज्या मालिका हे एका मिठीत उरकतात त्यांचा शेवट कच्चा वाटतो, कारण ज्यांचं नुकसान झालं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

अझूलाला ती संधीच मिळत नाही, कारण ती मागायला कुणासमोर वाकावं लागतं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. चौदा वर्षांची मुलगी साखळीत अडकून आग ओकत रडते आणि झुको-कटारा नुसते पाहत राहतात. जिंकल्याचा आनंद तिथे नाही. दिग्दर्शकाने तो मुद्दाम काढून घेतला आहे, आणि आमच्या मते मालिकेतला तो सर्वांत धाडसी निर्णय आहे.

तिसरी वाटही आहे. २०२१ च्या ‘आर्केन’मधला सिल्को. हे पात्र मूळ ‘लीग ऑफ लेजंड्स’ या व्हिडिओ गेममध्ये नव्हतं, मालिकेसाठी घडवलं गेलं. आयुष्यभर त्याने वस्तीच्या स्वातंत्र्यासाठी माणसं चिरडली. पहिल्या पर्वाच्या अखेरीस स्वातंत्र्य समोर चालून येतं, अट एकच: वाढवलेल्या मुलीला, जिंक्सला, सोपवून दे. तो देत नाही. त्याच्या हातून झालेलं सगळ्यात माणुसकीचं काम हेच, आणि त्याच्या स्वप्नाचा घातही यानेच होतो. शेवटी गोळी लागते तीही तिच्याच हातची. याला सुधारणा म्हणता येत नाही, नुसता नाश म्हणावं तर तेही पुरत नाही.

मी अंधेरीत डबिंग करते. अशा खलनायकाचे संवाद मराठीत बोलताना एक तर नाटकी होतात, नाही तर सपाट. काय सांभाळू?
— डबिंग आर्टिस्ट

सपाटपणाला घाबरू नका. तो मुद्दाम निवडलेला असला पाहिजे, एवढंच. मिस्टर फ्रीझसाठी मायकल अन्सारा यांनी जवळजवळ भावशून्य, थंड आवाज लावला. बर्फाखाली काय आहे ते शब्द सांगतात, आवाज सांगत नाही. संवादात दुःख असेल तर आवाजात ते घालू नका. दोन्हींत घातलं की नाटकी होतं.

मराठी वाक्याचं वजन शेवटच्या क्रियापदावर पडतं, इंग्रजी किंवा जपानी चित्रातलं तोंड मात्र आपल्या सोयीने हलत नाही. म्हणून आधी ओठ मिटण्याच्या जागा शोधा आणि तिथे प, ब, म येतील असे शब्द लेखकाकडून मागून घ्या. उरलेलं वाक्य त्याभोवती बसवा. श्वास क्रियापदाच्या आधी घ्या, नंतर नको. नंतर घेतलात तर हुंदका ऐकू येतो. हळू आवाजाच्या ओळींना माइकपासूनचं अंतर नेहमीच्या पंधरा-वीस सेंटिमीटरवरून दहा-बारापर्यंत कमी करा, पॉप फिल्टर (प-बचा फुत्कार अडवणारी जाळी) मधे ठेवून, आणि रेकॉर्डिस्टला आधी सांगा म्हणजे तो लेव्हल बदलेल. कुजबुज करू नका. कुजबुजीत सूर जातो आणि मिक्सिंगमध्ये ती ओळ संगीताखाली बुडते.

संबोधनाकडे लक्ष असू द्या. नायकाला सतत ‘तुम्ही’ म्हणणारा खलनायक ज्या ओळीत ‘तू’वर येतो, ती ओळ भाषांतरात कुठे ठेवायची हे लेखकासोबत बसून ठरवा. बापाशी बोलणारं पात्र ‘बाबा’ म्हणतं की ‘महाराज’, हेही पहिल्या भागातच पक्कं करा. दहाव्या भागात बदललं तर बदलामागे प्रसंग हवा. आवाज फुटायचा असेल तर पूर्ण पर्वात एकदाच, आणि तो टेक सगळ्यात शेवटी घ्या. एकदा घसा ओरखडला की त्या दिवशी थंड ओळी येत नाहीत.

मुलगा नऊ वर्षांचा आहे. हसवणाऱ्या कार्टूनमधले खलनायक त्याला आवडायचे, आता तो झुको, अझूलाच्या बाजूने भांडतो. काळजी करावी का?
— एक आई, मुलुंड

काळजीचं कारण दिसत नाही. ‘मोटू पतलू’मधला जॉन डॉन व्हायचं स्वप्न पाहतो, दर भागात फसतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच येतो. अकरा-बारा मिनिटांच्या विनोदी भागात तेच योग्य आहे. तिथे दुःख आणलं तर विनोद मरेल. नऊ-दहाव्या वर्षी मुलांना ‘तो असा का झाला?’ हा प्रश्न आपणहून पडू लागतो, आणि तो पडणं चांगलंच आहे.

भाग संपल्यावर त्याला दोन गोष्टी विचारा. याला काय हवं होतं? आणि त्यापायी कुणाचं काय गेलं? पहिलं उत्तर तो भराभर देईल. दुसऱ्याला वेळ लागेल, तेव्हा तुम्ही नाव सुचवू नका, त्याला आठवू द्या. ‘अवतार’ या वयाला सोबत बसून पाहण्यासारखी आहे. शेवटचे चार भाग झोपायच्या आधी नकोत, सुट्टीच्या दुपारी पाहा. ‘बॅटमॅन’चा तो भागही चालेल. ‘आर्केन’ मात्र आत्ता नको. त्यातली हिंसा आणि विषय मोठ्यांसाठीच आहेत, आणि मोठा भाऊ-बहीण घरात पाहत असतील तर दार लावून पाहायला सांगा.